कप्तानाची शेळी

बायकोचा आवाज बसला तो नेमका शनिवारी सकाळी, आणि असा बसला की उठायचं नाव घेईना. नवऱ्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तर सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं नुसतं फुस्स झालं. नवरा प्लंबर. तो कूस बदलून झोपेतच म्हणाला, "वायसर गेलाय. दुपारी येऊन बघतो."

मग त्याच्या बरगडीत कोपर बसलं आणि तो उठला.

बायको गावची गाइड होती. गाव समुद्राला चिकटून बसलेलं, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या गल्लीत तीन जुनी घरं. पहिलं कप्तानाचं, मधलं दोरवाल्याचं आणि गल्लीच्या टोकाचं दीपस्तंभाच्या दिवेवाल्याचं. तिन्ही घरं गावच्या समितीनं जपलेली, आणि पाहुण्यांना ती दाखवायचं काम बायकोकडे. रोज दोन फेऱ्या, सकाळी दहाची आणि दुपारी चारची. पाच वर्षांत आपण गोष्टीतला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची.

आज दहाच्या फेरीला खुद्द समितीच्या अध्यक्षबाई यायच्या होत्या. समितीपुढे एक प्रस्ताव पडून होता. गाइड नको, प्रत्येक पाहुण्याच्या कानाला एक यंत्र लावायचं, काय सांगायचं ते यंत्र सांगेल. यंत्राला रजा लागत नाही, यंत्राला बाळ होत नाही आणि यंत्राचा घसा बसत नाही. आजची फेरी ऐकून बाई ठरवणार होत्या, गाइड ठेवायची की यंत्र आणायचं.

बायकोनं फेऱ्यांच्या वेळा लिहायचा काळा फळा जवळ ओढला आणि खडूनं लिहिलं, "तू घे फेरी."

"मी? अगं, माझं आयुष्य सिंकखाली डोकं घालून गेलंय. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मला पान्याची आठवण येते."

"तुला पाठ आहे," फळा म्हणाला.

ते मात्र खरं होतं. त्यांची लेक ढब्बू पोटात असताना बायको शेवटच्या आठवड्यापर्यंत फेऱ्या घेत होती. रोज दोन वेळा, नऊ महिने, ढब्बूनं तीच गोष्ट आतून ऐकली. त्याचा परिणाम असा झाला की बाहेर आल्यावर अंगाई ऐकली की ती भोकाड पसरायची. खुळखुळा झाला, शिट्टी झाली, पंख्याकडे बघणं झालं, घरभर येरझाऱ्या झाल्या. शेवटी एका दुपारी आई पेंगता पेंगता पुटपुटली, "या मंडळी. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे," आणि ढब्बूनं गपकन डोळे मिटले.

दिवसभर बोलून आईचा घसा शिणायचा, म्हणून झोपवायचं खातं बाबाकडे आलं. आठ महिने झाले, तो ढब्बूला खांद्यावर टाकून, डावीकडून उजवीकडे झुलत, पाठीवर थोपटत तिन्ही घरं दाखवत होता. स्वतः फेरीला तो एकदाही गेला नव्हता. त्या घरांत तो जायचा तो फक्त नळ गळला की.

पण एक गोष्ट बायकोला माहीत नव्हती. तेच ते रोज तीन-तीनदा सांगून माणसाच्या डोक्याचा भुगा होतो. तिसऱ्या महिन्यात कधीतरी, त्याचेच डोळे मिटत असताना, कप्तानाच्या जहाजावर एक शेळी चढली. कशी चढली ते त्यालाही ठाऊक नाही. वादळ आलं, खलाशी घाबरले, कप्तान घाबरला, आणि शेळी म्हणाली, "असू दे." ढब्बू हसली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी शेळी न बोलावता आली. पुढच्या आठवड्यात दोरवाल्याकडे जाऊन चाळीस हात दोर खाऊन आली. मग दिवेवाल्याकडे मुक्कामाला गेली. पाच महिन्यांत तिनं गोष्टीत असं बस्तान बसवलं, की मुळातलं किती आणि आपल्या पदरचं किती हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

आणि बायको इतिहासाच्या बाबतीत फार कडक. एकदा जेवताना त्यानं कप्तानाला नुसतं 'नावाडी' म्हटलं होतं, तर दोन दिवस अबोला.

"जमेल," तो म्हणाला. मनात म्हणाला, शेळी तेवढी वगळायची. बस्स.

बायकोच्या एका हातात फळा आणि दुसऱ्या हातात पाहुण्यांना गोळा करायची पितळी घंटा. म्हणून ढब्बूला झोळीत घालून त्यानं छातीशी बांधलं. तिची सकाळची झोप नुकतीच झाली होती, दूध पोटात होतं, आणि ती जगाकडे टकमक बघत होती.

दहाच्या ठोक्याला अध्यक्षबाई अकरा पाहुण्यांसह कप्तानाच्या दारात हजर. बाई काठीसारख्या ताठ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पाहुण्यांत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या एका खिशात वही, दुसऱ्या खिशात मोजपट्टी.

"घसा बसला? यंत्राचा बसत नाही," बाई म्हणाल्या. "असो. करा सुरू. आणि हे बघा, दिवेवाल्याच्या नोंदवहीतलं ते वाक्य शब्दशः आलं पाहिजे. एकतीस वर्षं त्या माणसानं रोज लिहिलं, 'वारा आहे.' आणि एक दिवस लिहिलं, 'वारा नाही. करमत नाही.' दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. असं अस्सल काही आहे म्हणून या गावाला किंमत."

बायकोनं घाईघाईनं घंटा वाजवली.

"या मंडळी," प्लंबरनं घसा खाकरला. "डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे."

सुरुवात झकास झाली. कप्तानानं हे घर आपल्याच मोडक्या जहाजाच्या लाकडातून बांधलं. म्हणून जिना शिडीसारखा उभा. कप्तानाला न हलणाऱ्या पलंगावर झोप यायची नाही, म्हणून त्याची बायको पलंगाला दोरी बांधून दुसऱ्या खोलीतून ओढत बसायची. पाहुण्यांतल्या बायकांनी एकमेकींकडे बघून सुस्कारा सोडला. बायकोनं मान डोलावली. प्लंबरच्या जिवात जीव आला. फक्त आपण डावीकडून उजवीकडे झुलतोय आणि ढब्बूच्या पाठीवर थोपटतोय, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"मग एकदा आलं मोठं वादळ," तो म्हणाला. "खलाशी घाबरले. कप्तान घाबरला. आणि..." इथे त्यानं शेळी गिळली. "आणि जहाज किनाऱ्याला लागलं."

ढब्बूनं मान वर केली. बाबाच्या तोंडाकडे बघितलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

"तर, जहाज किनाऱ्याला लागलं," प्लंबर घाईनं म्हणाला, "आणि आता आपण वळू या जिन्याकडे..."

ढब्बूनं असा काही सूर लावला की खिडकीची तावदानं थरथरली. बायकोनं घंटा हलवून दाखवली, ढब्बूनं ती ढकलून दिली. गुरुजींनी चष्मा काढून दाखवला, तो खाली पडला. अध्यक्षबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "यंत्राला आवाज कमी करायचं बटण असतं."

यावर इलाज नव्हता. प्लंबरनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "खलाशी घाबरले, कप्तान घाबरला, पण जहाजावर होती एक शेळी. आणि शेळी म्हणाली, असू दे."

ढब्बूनं शेवटचा हुंदका गिळला आणि प्रसन्न हसली. पाहुणेही हसले. एकटा फळा हसला नाही. त्यावर ठळक अक्षरांत होतं, "शेळी???" आणि खाली तीन रेघा.

"मला हे नवीन आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"शेळीची नोंद कुठल्या कागदात आहे?" गुरुजींनी वही उघडली.

"कागद... कागद तिनंच खाल्ले," प्लंबर म्हणाला. "शेळीच ती. पण पुरावा आहे. हे बघा, जिन्याच्या कठड्यावर दातांची खूण."

ती खूण त्यानंच गेल्या वर्षी पाइप बसवताना पाना निसटून पाडली होती. गुरुजींनी मोजपट्टी लावली. "पाऊण इंच! केवढी शेळी होती!"

"जहाजावरची ना गुरुजी. खाऊन-पिऊन सुखी."

फळ्यावर नवीन मजकूर उमटला, "ही खूण तुझ्या पान्याची!!" प्लंबर पटकन फळ्याच्या पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चला, दोरवाल्याकडे."

दोरवाल्याचं घर म्हणजे एकच लांबलचक खोली, साठ पावलांची. दोर वळणाऱ्याला मागे मागे सरकत जावं लागतं, म्हणून दोरवाल्याच्या सात मुली आयुष्यभर उलट्या पावलांनी चालल्या. हे सांगताना प्लंबर स्वतः उलटा चालत होता, कारण समोर बायको फळा घेऊन चालून येत होती.

"शेळी काढ," फळा म्हणाला.

त्यानं काढून बघितली. ढब्बूचा ओठ बाहेर आला. त्यानं शेळी परत घातली, चाळीस हात दोरासकट. ओठ आत गेला. शेवटी बायकोनं फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली. आठ वर्षांच्या संसारात त्या रेघेचा अर्थ त्याला कळत होता. घरी गेल्यावर बघते.

मात्र दुसऱ्याच एका भानगडीकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. माणसाची जीभ म्हणजे शेवटी जुना नळ, एकदा जी सवय लागली ती लागली. आठ महिने ही गोष्ट एकाच कामासाठी सांगितली गेली होती, त्यामुळे ती पुढे सरकेल तसा त्याचा आवाज आपोआप खाली जात होता. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा हळू, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक लांब हुंकार. साठ पावलांच्या खोलीत अकरा पाहुणे त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे झुलत चालले होते. एका आजोबांनी जांभई दिली. ती त्यांच्या शेजारणीनं घेतली, तिच्याकडून ती दोन बहिणींकडे गेली, आणि खोलीच्या टोकाला पोचेपर्यंत गुरुजींचं अक्षर वहीच्या पानावरून उतरून बाहीवर आलं होतं.

"मोठ्यानं बोल!" फळा ओरडला. तो मोठ्यानं बोलला. ढब्बू दचकली. त्यानं लगेच आवाज होता तिथे नेऊन ठेवला.

दिवेवाल्याच्या घरात तर झोपेचा सगळा सरंजाम तयारच होता. उबदार बसकी खोली, भिंतीला टेकलेली बाकं, खाली समुद्राचा एकसुरी आवाज. मधोमध दिवेवाल्याची गादीची खुर्ची, तिच्यापुढे 'बसू नये' अशी पाटी आणि आडवी दोरी. काचेच्या कपाटात नोंदवही.

"ते 'करमत नाही'चं पान बघायला मिळेल का?" गुरुजींनी डोळे चोळत विचारलं.

बायकोनं चपळाईनं फळा पुढे केला, "कपाटाची किल्ली सापडत नाही." किल्ली तिच्या कमरेच्या जुडग्यात खुळखुळत होती. पण प्लंबरला त्या घडीला स्वतःचीच काळजी पुरून उरली होती.

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली आणि दिवेवाल्याच्या खुर्चीत बसल्या. "पाय दुखतात हो," त्या म्हणाल्या. "सांगा तुम्ही."

"दिवेवाला एकतीस वर्षं एकटा," प्लंबर हळूच म्हणाला. "रोज संध्याकाळी वही उघडायची. लिहायचं, वारा आहे... दुसऱ्या दिवशी, वारा आहे... तिसऱ्या दिवशी, वारा आहे..." हे मूळचंच होतं. तो फक्त ते खऱ्या वेगानं सांगत होता. "आणि एक दिवस... वारा नाही... करमत नाही... आणि शेळी म्हणाली... असू दे..."

त्यानं वर बघितलं. अध्यक्षबाईंची हनुवटी छातीला टेकली होती. दोन बहिणी एकमेकींच्या खांद्यावर विसावल्या होत्या. बाकावरचे सगळे बाकावर कलंडले होते, आणि गुरुजी उभ्या घड्याळाला टेकून, हातात उघडी मोजपट्टी घेऊन, उभ्याउभ्या घोरत होते. सबंध खोलीत जागी एकटी ढब्बू. टक्क उघड्या डोळ्यांनी.

पुढे जे झालं ते फक्त लहान बाळाच्या आईबापांच्याच हातून होऊ शकतं. दोघांनी एकाच वेळी ओठांवर बोट ठेवलं. बायकोनं घंटेचा लोलक मुठीत धरला. प्लंबरनं खुंटीवरची दिवेवाल्याची शाल काढून अध्यक्षबाईंना मानेपर्यंत पांघरली, एका आजोबांचा लोंबकळणारा पाय बाकावर उचलून ठेवला, पडदे ओढले. तिसरी फळी करकरते हे त्याला माहीत होतं, ती त्यानं ओलांडली. दाराला टेकू म्हणून लावलेला दगड पायानं सरकवला, आणि दार श्वास रोखून, कडी धरून, तसूतसूनं लावलं.

बाहेर येऊन दोघांनी एकमेकांकडे बघून अंगठा दाखवला. समुद्रावरचा वारा छान होता.

मग अंगठे हळूहळू खाली आले.

"आपण," प्लंबर कुजबुजला, "समितीला झोपवून आलो?"

आणि नुसतं झोपवून नव्हे. त्या दाराची आतली खिट्टी आपोआप पडायची, म्हणून तर तो दगड असायचा. अध्यक्षबाई आत बंद होत्या, आणि बारा वाजता पाहुण्यांची बस होती.

"उठव त्यांना!" फळा थरथरत होता.

"कसं? आठ महिन्यांत मला फक्त झोपवायला शिकवलंयस!"

त्यानं दार ठोठावायला हात उचलला, पण झोपलेल्या माणसांच्या दारावर जोरात ठोकायला तो हात तयारच होईना. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, ते त्यालाच ऐकू आलं नाही. बायकोनं खिडकीवर खडू फेकला. खडू फुटला आणि लिहायला चिमूटभर तुकडा उरला. ढब्बूला हा खेळ फार आवडला, ती टाळ्या पिटत होती. या गडबडीत अर्धा तास गेला, तेव्हा कुठे बायकोला मागच्या बाजूचं स्वयंपाकघराचं दार आठवलं. त्याची किल्ली जुडग्यात होती.

ढब्बूला आईकडे देऊन प्लंबर धावला. किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि मुसंडी मारून आत शिरला.

मागून बायकोचा आवाज फुटला. खरखरीत, फाटका, पण खणखणीत. "अरे, डोकं सांभाळ! चौकट बुटकी..."

धाड्!

आठ महिन्यांत हजारदा म्हटलेलं वाक्य त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

त्या आवाजानं गुरुजी जागे झाले आणि घड्याळ धरून उभे राहिले. बाकावरची मंडळी उठून बसली. अध्यक्षबाईंनी डोळे उघडले, आधी कपाळ धरून बसलेल्या प्लंबरकडे बघितलं, मग अंगावरच्या शालीकडे.

"ही कुणी घातली?"

"मी, बाई," प्लंबर म्हणाला. "चुकून. म्हणजे, सवयीनं."

"किती वेळ झोपले मी?"

बायकोनं ढब्बूला घट्ट धरलं. नोकरी गेलीच होती, आता खोटं बोलून काय उपयोग? "चाळीस मिनिटं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सलग?"

"सलग."

अध्यक्षबाईंनी शाल अंगावरून काढली. मग शालीची घडी घालत म्हणाल्या, "घरी नातू आहे माझा. तीन महिन्यांचा. लेक कामावर जाते, दिवसभर तो माझ्यापाशी. चाळीस मिनिटं सलग मी शेवटची कधी झोपले, मला आठवत नाही." त्या उठल्या, दोरी परत जागेवर बांधली. "यंत्र सगळं सांगेल हो. पण अंगावर शाल कोण घालेल? यंत्र नको. गाइड राहील."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"शेळीपण राहील," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही हो, उद्या दुपारी माझ्या घरी या."

"नळ गळतोय का, बाई?"

"नातू."

दारातून बाहेर पडताना गुरुजी थबकले. बाहीवरचं अक्षर लावत म्हणाले, "एक सांगू? मला या सगळ्यात शेळी अगदी खरी वाटली. दातांची खूणच आहे ना. पण ते 'करमत नाही' मात्र कुणीतरी मागाहून घुसडल्यासारखं वाटतं."

"काहीतरीच काय गुरुजी!" अध्यक्षबाई कडाडल्या, आणि त्यांना बसच्या दिशेनं पिटाळलं.

बस गेली. गल्ली रिकामी झाली. दिवेवाल्याच्या खोलीत तिघंच उरली. प्लंबरनं टेंगळावर ओला रुमाल धरला, ढब्बूला परत झोळीत घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, "बोल आता. शेळीवरून जे काय बोलायचंय ते बोलून घे."

बायकोनं कमरेचं जुडगं काढलं, कपाटाची किल्ली निवडली, काच उघडली आणि नोंदवही काढून त्याच्यापुढे धरली. वारा आहे. वारा आहे. वारा आहे. मग एका ओळीत, त्याच कोरड्या अक्षरात, 'वारा नाही.' त्याच्या पुढे पान कोरं होतं.

प्लंबरनं पान उलटून बघितलं. मागे पुन्हा वारा होता.

"मग 'करमत नाही'?"

आवाज पुन्हा गेला होता, की तिला तो वापरायचा नव्हता, कोण जाणे. खडूचा चिमूटभर तुकडा घेऊन तिनं फळ्याच्या अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं, "ते माझं. पहिल्या वर्षी. त्या आठवड्यात एकही पाहुणा आला नव्हता."

त्यानं ते दोनदा वाचलं. बायको भिंतीकडे बघत उभी होती, आणि तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर येत होता. थेट ढब्बूसारखा.

प्लंबर डावीकडून उजवीकडे झुलला. एका हातानं ढब्बूच्या पाठीवर थोपटलं, दुसऱ्या हातानं बायकोच्या.

"आणि शेळी म्हणाली," तो हळूच म्हणाला, "असू दे."

ढब्बूनं गपकन डोळे मिटले.